बाजाराची ओळख आणि जत्रेची ओळख

गेल्या काही वर्षांत ‘नेटवर्किंग’ हा शब्द वैद्यकीय व्यवसायात चांगलाच रुळला आहे. परिषद असो, औषध कंपनीने योजलेले चर्चासत्र असो किंवा एखाद्या नव्या रुग्णालयाचा उद्घाटन समारंभ असो, व्याख्यानांपेक्षा जेवणाच्या टेबलाभोवतीच अधिक गर्दी जमते. व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण होते, ‘पेशंट पाठवा, आम्ही बघून घेऊ’ असे आश्वासन मिळते आणि मंडळी आपापल्या गावी परततात. यात मुळात वावगे काही नाही. आडगावच्या डॉक्टरला शहरातला हृदयरोगतज्ज्ञ नावानिशी ओळखत असेल, तर मध्यरात्री पाठवलेल्या रुग्णाची वेळ वाचते आणि कित्येकदा प्राणही वाचतात. मात्र उटनूरच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला या कल्पनेचे फारसे अप्रूप वाटू नये. भिन्न भाषा बोलणाऱ्या, भिन्न देवता पुजणाऱ्या आणि भिन्न धंदे करणाऱ्या माणसांनी ठरावीक दिवशी, ठरावीक जागी एकत्र यावे, देवघेव करावी आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे संबंध निर्माण करावेत, ही व्यवस्था येथे हॉटेलातील सभागृहे निघण्याच्या कितीतरी आधीपासून नांदत आहे. तिचे एक रूप आठवडी बाजार आणि दुसरे जत्रा. या दोन्ही ठिकाणी माणसे कशी जोडली गेली, आणि कोठे तुटली, याचा विचार आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत व्हावा असे मनात होते.

भाषेच्या दृष्टीने हा मुलूख विलक्षण आहे. येथे गोंडी आहे, कोलामी आहे, लंबाडी आहे, तेलुगू व उर्दू आहे, आणि मराठी तर घराघरात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून काढून तेव्हाच्या मुंबई राज्यास जोडले गेले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. कागदावर रेघ ओढली गेली, पण बाजारहाट, सोयरीक आणि बोलणे त्या रेघेने थांबले नाही. आंध जमातीची मातृभाषा मराठी आहे. गोंडांचे परंपरागत भाट असलेल्या परधानांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. परधान घरात मराठी बोलतात आणि गोंड यजमानांच्या कुळकथा मात्र किकरीच्या साथीवर गोंडीत गातात. ज्याची वंशगाथा त्याच्याच भाषेत त्याला ऐकवायची आणि त्याबद्दल धान्य, वस्त्र, गुरे असा मान घ्यायचा, हा संबंध व्यावसायिक नव्हे असे कोण म्हणेल? मात्र त्यात गाणाऱ्याने यजमानाची भाषा आत्मसात केली आहे, यजमानाने गाणाऱ्याची नव्हे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

पुष्य महिन्यातील अमावास्येच्या रात्री इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे नागोबाची महापूजा होते. ती मेस्राम कुळाची. तेलंगण, महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश अशा दूरदूरच्या भागांतून गोंड मंडळी येतात, बैलगाड्यांच्या रांगा लागतात, आणि त्यांच्यामागोमाग भांडी, कापड, बांगड्या, शेतीची अवजारे व मिठाई घेऊन व्यापारीही येतात. पूजेपूर्वी मेस्राम मंडळी अनवाणी पायी निघून जन्नारमजवळच्या कलमडुगू परिसरातील हस्तिनामडुगू या गोदावरीच्या डोहावरून कलशात पाणी भरून आणतात. जाऊन-येऊन हे अंतर शंभर किलोमीटरहून बरेच अधिक भरते. जत्रेस हजारो मेस्राम जमले, तरी स्वयंपाकाच्या चुली मात्र बावीसच मांडल्या जातात आणि आपापल्या शाखेच्या चुलीवर पाळीपाळीने रांधले जाते. कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुना शुभ्र वस्त्राने मुख झाकून देवापुढे आणि वडीलधाऱ्यांपुढे येतात. या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. आपल्या कानाला किती ओळखीचा शब्द! भेट झाल्यावाचून सून कुळाची होत नाही. नुसते नाव नोंदवून भागत नाही.

या सोहळ्यातील एक तपशील मला व्यवसायसंबंधाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो. पूजेला लागणारी मातीची भांडी सिरिकोंड्याच्या एका कुंभार घराण्याकडूनच घडवून घेतली जातात. हे घराणे गोंड नव्हे; त्याची भाषा वेगळी, जात वेगळी. दरवर्षी मेस्राम मंडळी रीतसर त्यांच्या दारी जाऊन भांड्यांची मागणी नोंदवतात, कुंभार ती घडवून देतो, आणि हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आज बाजारात मडकी कुठेही मिळतात. स्टीलच्या व प्लॅस्टिकच्या भांड्यांना तर तोटाच नाही. तरीही देवाचे पाणी त्या घरच्याच मडक्यात. येथे करारपत्र नाही, घासाघीस नाही, आणि एक पक्ष दुसऱ्याच्या घरी चालत जातो. ज्याला काम द्यायचे त्याच्या दारी ग्राहकाने जाणे ही आपल्या व्यवहारातून जवळजवळ लुप्त झालेली रीत होय.

धातूकामाचेही असेच. जैनूर मंडलातील उशेगाव येथील ओझा कारागीर मेणाच्या साच्यातून पितळी देवमूर्ती, घुंगरू आणि विधीची उपकरणे ओततात. त्यांचे ग्राहक प्रामुख्याने गोंड. त्या देवतांची लक्षणे, त्यांची आयुधे आणि त्यांचे मान ओतणाऱ्याला बारकाईने ठाऊक असावे लागतात. २०१८ साली ‘आदिलाबाद डोक्रा’ या नावाने या कामास भौगोलिक मानांकन मिळाले. आता दूरच्या शहरांतील दिवाणखान्यांतही त्या वस्तू जातात; परंतु शहरातला ग्राहक कारागिराचे नाव विचारत नाही आणि कारागिरालाही त्याच्या देवाचे नाव ठाऊक नसते.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू सांगितल्याखेरीज लेखन प्रामाणिक होणार नाही, कारण त्या बाजूस आपल्यासारखी बाहेरून येऊन येथे स्थिरावलेली माणसेच अधिक होती. बाजारात मीठ, मसाला, कापड व रॉकेल घेऊन येणारा व्यापारी हाच बहुधा सावकारही असे. पेरणीच्या वेळी बियाणे व उचल तो देई आणि सुगीला कापूस, एरंडी, ज्वारी आपल्या मापाने आणि आपल्या भावाने घेऊन जाई. ओळख होती, घरोबाही होता. लग्नकार्याला सावकाराला मानाचे बोलावणेही असे. पण हिशेबाची वही एकाच्याच हातात होती आणि ती दुसऱ्याला वाचता येत नव्हती. कर्ज फिटेना तेव्हा जमीन गेली. पुढे रस्ते झाले, कापसाला भाव आला, तसतसे बाहेरच्या शेतकऱ्यांचे लोंढे येथल्या काळ्या जमिनीवर स्थिरावत गेले. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा विनियम झाला, १९७० च्या पहिल्या विनियमाने तो अधिक कडक केला. ‘वन ऑफ सेव्हन्टी’ हा शब्द उटनूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो ज्या ओळखींतून करावा लागला, त्यांची मात्र आपल्यात फारशी चर्चा होत नाही.

१९४० साली जोडेघाट येथे कोमरम भीम पोलिसांच्या गोळीस बळी पडल्यावर निजाम सरकारला आदिवासींच्या स्थितीची दखल घेणे भाग पडले. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ महायुद्धामुळे हिंदुस्थानात अडकून पडले होते. त्यांना या कामी योजण्यात आले. ते मार्लवाईत गोंडांमध्ये राहिले, गोंडी शिकले, आणि १९४३ पासून तेथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. गोंडीची पहिली पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत काढण्यात आली, कारण गोंडांना गोंडीखालोखाल परिचित होती ती मराठीच. आपल्या लिपीच्या वाट्याला आलेला हा मान आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. नागोबाच्या जत्रेतील दरबारही त्याच दशकात त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला. एरवी अर्ज घेऊन कचेरीच्या पायरीवर ताटकळणाऱ्या माणसाच्या देवापाशी वर्षातून एकदा जिल्ह्याचे सारे अधिकारी यावेत, त्यांनी तेथे बसावे, आणि लोकांनी आपली गाऱ्हाणी समोरासमोर मांडावीत, ही ती योजना. आपल्या आजच्या परिभाषेत बोलायचे तर जत्रेचा यजमान गोंड आणि पाहुणा सरकार. दरबार अद्यापही भरतो. त्यात भाषणे वाढली आणि निवारण कमी झाले, अशी कुरकूर ऐकू येते, पण कोणी तो बंद करा असे म्हणत नाही.

या कालखंडातील एक मराठी नाव आपण विशेष आदराने घ्यावयास हवे. सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते शिवकालाचे साक्षेपी इतिहासकार आणि फारसी-उर्दूचे जाणकार म्हणून. मूळचे निलंग्याचे सेतुमाधवराव हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबाद जिल्ह्यात आदिवासींच्या कामावर होते. ते गोंडी शिकले, आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि पुढे गोंडी भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. हाताशी दुभाषे असताना अधिकाऱ्याने व्याकरण लिहिण्याच्या फंदात का पडावे? जमिनीचा पट्टा कोणाला द्यायचा हे ठरवताना समोरचा माणूस नेमके काय म्हणतो, हे दुभाष्याच्या तोंडून कळणे आणि स्वतःच्या कानांनी कळणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. दुभाषा हा पुष्कळदा सावकाराचाच ओळखीचा असे! हायमेनडॉर्फ यांच्या नोंदीप्रमाणे १९४९ पर्यंत जिल्ह्यातील अकरा हजारांहून अधिक आदिवासींना सुमारे १,६०,००० एकर जमीन देण्यात आली. त्यातील पुष्कळशी पुढच्या तीन दशकांत पुन्हा हातची गेली, हे सत्तरच्या दशकात परतून आलेल्या हायमेनडॉर्फ यांनीच खेदाने नमूद केले आहे.

२० एप्रिल १९८१ हा सोमवार होता आणि इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस होता. त्याच दिवशी गिरिजन शेतकऱ्यांची सभा ठरली होती. परवानगी नाकारण्यात आली, बाजाराला आणि सभेला निघालेली माणसे एकाच वाटेने आली, आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे; इतरांचे अंदाज साठाच्या आणि शंभराच्या पुढे जातात. सभेची मागणी होती जमिनीची आणि सावकारी पिळवणूक थांबवण्याची. ज्या बाजारात चार भाषांत राम राम होत असे, तेथेच हे घडले. अलीकडे २०२४ च्या सप्टेंबरात एका आदिवासी महिलेवरील हल्ल्यानंतर जैनूरच्या बाजारपेठेत दुकाने जळाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी काटा लावून बसणारी माणसे एका दिवसात परस्परांस परकी झाली. बाजारातील ओळख किती पातळ असू शकते, हे या दोन्ही प्रसंगी दिसले.

डॉक्टर मंडळींचा या साऱ्याशी काय संबंध, असा प्रश्न एखादा वाचक करील. संबंध निकटचा आहे. आपला दवाखाना हाही बाजाराचाच एक भाग आहे. रुग्ण बाजाराच्या दिवशीच येतो, कारण त्या दिवशी गाडी मिळते, हातात पैसा असतो आणि सोबत कोणीतरी असते. सकाळी कापूस विकून आलेला माणूस दुपारी आपल्या बाकावर बसतो. त्याच्यालेखी आपण, औषधाचा दुकानदार, लॅबवाला आणि कापसाचा अडत्या ही एकाच रांगेतली माणसे आहेत. तो आपल्यावर विश्वास टाकतो तेव्हा त्यालाही वही वाचता येत नसते. चिठ्ठीवरचे औषध, लॅबचा अहवाल, पुढच्या मोठ्या रुग्णालयाचे नाव, हे सारे त्याच्यासाठी सावकाराच्या खातेवहीइतकेच दुर्बोध.

म्हणूनच जेवणाच्या टेबलावर जुळणाऱ्या त्या ‘संबंधां’कडे मी थोड्या संशयाने पाहतो. आदिलाबाद, यवतमाळ, नांदेड, नागपूर किंवा हैदराबाद येथील तज्ज्ञांशी आपला परिचय हवाच. पण ज्या परिचयाची किंमत रुग्णाच्या बिलातून वसूल होते, त्याला आपल्याकडे ‘कट’ असे रोखठोक नाव आहे आणि ते नाव आपणच दिलेले आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे वा देणे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध ठरवले. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू व प्रवास स्वीकारण्यावर २००९ च्या दुरुस्तीने बंधन आले. आणि कंपन्यांच्या बाजूने २०२४ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने विपणनाची नवी संहिता जाहीर केली. नियम पुरेसे आहेत. तरीही सिरिकोंड्याचा कुंभार आणि मेस्राम यांच्यातील देवघेव ज्या उजेडात होते, त्या उजेडात आपल्या किती देवघेवी होऊ शकतील, हे ज्याचे त्याने तपासावे. तेथे कोण कोणाला काय देतो हे सगळ्या जत्रेला ठाऊक असते.

भाषेचा प्रश्न त्याहून सोपा, आणि म्हणूनच टाळलेला. आपल्यातील बहुतेकांचे मराठी-तेलुगूवर निभावते, कारण गोंड रुग्ण बहुभाषी आहे. कष्ट तो घेतो. पण ताप केव्हापासून, लघवीचा रंग कसा, मूल शेवटचे केव्हा अंगावर प्यायले, हे सांगताना घाबरलेली आई आपल्याच बोलीत शिरते. तेव्हा सोबतच्या दिराने केलेले भाषांतर निम्मे गाळलेले असते. गोंडी फार परकी नाही. ज्याला तेलुगूत ‘तल’ म्हणजे डोके हे ठाऊक आहे, त्याला गोंडीतला ‘तला’ नव्याने शिकावा लागत नाही; पाण्याला ‘एर’ म्हणतात एवढे कळले तरी जुलाबाच्या रुग्णाशी बोलणे सुरू होते. शे-दीडशे शब्दांची यादी आपल्या मंडळाने एखाद्या गोंड शिक्षकाच्या साहाय्याने, त्याला योग्य मानधन देऊन, देवनागरीत तयार करून घ्यावी. ऐंशी वर्षांपूर्वी मार्लवाईत ज्या लिपीत पाठ्यपुस्तके निघाली, त्याच लिपीत ही एक छोटी पुस्तिका निघाली तर सेतुमाधवरावांच्या व्याकरणाशी आपले काही नाते सांगता येईल.

सिकलसेलच्या बाबतीत तर याची निकड आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासी भागातील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट होते. तपासणीचे किट पुरवता येते, समजूत पुरवता येत नाही. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल बाधित होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, ही दोन वाक्ये चुकीच्या भाषेत सांगितली तर मुलीचे लग्न मोडते. गोंड समाजात सोयरीक ठरवताना चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे कुळगट पाहिले जातात आणि एकाच गटात विवाह होत नाही. नाती काळजीपूर्वक मोजणाऱ्या या समाजाला रक्ताच्या तपासणीची कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मात्र ती सांगायला परधान गायकाइतका जाणता माणूस हवा. पत्रक वाटून ते होणार नाही.

केसलापूरला जत्रेच्या काळात आरोग्य खात्याची शिबिरे असतातच. आपल्या मंडळाने तेथे आणखी एक फलक लावून छायाचित्र काढून परत यावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. जायचे तर मेस्राम पंचांना आधी भेटून, त्यांनी दाखवलेल्या जागी, त्यांच्या चुलींपासून व विधींपासून दूर बसावे. भेटिंगच्या सुनांना रांगेत उभे करून रक्त घेण्याचा उत्साह तर कोणी चुकूनही दाखवू नये. पहिल्या वर्षी फार रुग्ण येणार नाहीत. दुसऱ्या वर्षी तेच डॉक्टर दिसले तर विचारपूस होईल. २०२२ च्या डिसेंबरात मेस्राम कुळाने स्वतः वर्गणी जमवून उभारलेल्या नागोबाच्या नव्या दगडी मंदिरात प्रतिष्ठापना झाली. हा समाज देणगीची वाट पाहत बसलेला नाही, त्यामुळे उपकाराच्या भावनेने जाणाऱ्याचे तेथे काही काम नाही. आपल्यापैकी औषधविक्रेते, कापसाचे व्यापारी व शिक्षक सोबत आले तर उत्तम. त्यांच्या ओळखी आपल्याहून जुन्या आहेत, आणि त्यांतल्या काही ओळखींचा हिशेब अजून चुकता व्हायचा आहे.

महापूजा आटोपली की मेस्राम मंडळी बैलगाड्या जुंपून उटनूर मंडलातील श्यामपूरला बुडुमदेवाच्या जत्रेस निघतात. श्यामपूर आपल्या दारातले गाव आहे. ज्यांना केसलापूरला दोन दिवस काढणे जमत नाही, त्यांना तेथे दवाखाना बंद केल्यावर संध्याकाळीही जाता येईल.